सॅक्सोफोनचा माईक बेलमध्ये घालू नका

[कॅमेऱ्यासमोर. गळ्यात आल्टो सॅक्सोफोन, शेजारी स्टँडवर माईक]

नमस्कार मंडळी. सॅक्सोफोन रेकॉर्ड करायचा म्हटलं की बहुतेक जण माईक थेट बेलच्या, म्हणजे टोकाच्या रुंद कर्ण्याच्या, तोंडाशी नेतात. आवाज तिथूनच येतो ना! तर नाही. हे ऐका.

[क्लोज-अप: बोटं आणि बेल]

सगळ्या की (भोकांवरची झाकणं) बंद, सर्वांत खालचा बी फ्लॅट. हा खरोखर बेलमधून येतोय. आता सगळी बोटं उचलतो: मधला सी शार्प. भोकं उघडली, आणि हा स्वर मुख्यतः वरच्या भोकांतूनच बाहेर पडतोय. म्हणून बेलमधल्या माईकवर खर्जाचे स्वर अंगावर येतात आणि मधले शेजारच्या खोलीत वाजल्यासारखे लागतात. कंप्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारं साधन) पातळी सारखी करेल, टोन नाही.

मग माईक कुठे? बेलच्या काठापेक्षा जरा वर, रोख दोन हातांच्या मधल्या भागावर, अंतर ४० ते ५० सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड फूट. ३० च्या आत गेलात की कीची टकटक येते आणि कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा माईक, खर्ज फुगवतो. मीटरभर लांब नेलात तर खोली ऐकू येते. आपल्या पुण्यातल्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची, गुळगुळीत टाइल्सची खोली ऐकण्यासारखी नसते, हे मान्य करू या. वादकाच्या पाठीमागे जाड गोधडी टांगा, कारण माईकचं तोंड त्या भिंतीकडे असतं. खाली सतरंजी. कोपरा टाळा.

रस्त्याकडेची खिडकी माईकच्या पाठीशी येऊ द्या आणि तिच्यावर जाड पडदा ओढा. पंखा बंद. मे महिन्यात जीव जातो, पण टेक छोटे घ्या. कुकरची शिट्टी झाली तर सरळ पुन्हा वाजवा, एडिटिंगमध्ये ती निघत नाही.

बसचा, जनरेटरचा घुमारा लो-कटने (ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज कापणाऱ्या बटणाने) कमी होतो, पण जपून. आल्टोचा सर्वांत खालचा स्वर १३९ हर्ट्झच्या आसपास, त्याहून मोठ्या टेनर सॅक्सचा १०४. त्यामुळे ८० हर्ट्झचा लो-कट दोघांना चालतो. बॅरिटोन ७० च्याही खाली उतरतो, तिथे बटण बंदच ठेवा.

माईक कोणता? शुअर एसएम ५७ घरात असेल तर त्यानेच सुरुवात करा. सॅक्स मुळात दणदणीत, त्यामुळे गेन (माईकचा आवाज वाढवणं) फार लागत नाही. ५-६ किलोहर्ट्झच्या आसपास या माईकला उठाव आहे, म्हणून आल्टो टोचायला लागला तर माईक थोडा तिरका करा. मोठ्या डायफ्रामच्या (आतल्या पडद्याच्या) कंडेन्सर या नाजूक कानाच्या माईकवर श्वास, रीडची (तोंडातल्या पट्टीची) कुरकुर, सगळं येतं, आणि खोली वाईट असेल तर तीही. जमत असेल तर टोचणाऱ्या सॅक्सवर रिबन माईकसारखं (आत धातूची पातळ पट्टी असलेला) दुसरं काही नाही. पण तो पाठीमागूनही तितकंच ऐकतो, म्हणून दुसरी गोधडी माईकच्या मागे. जुना रिबन असेल तर ४८ व्होल्ट फँटम (केबलमधून माईकला जाणारी वीज) बंद आहे ना, हे केबल लावायच्या आधी बघा.

[स्क्रीनवर इंटरफेसचं, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचं, मीटर]

गेन लावताना वादकाला हळू वाजवू देऊ नका. गाण्यातला सर्वांत जोरकस तुकडा वाजवायला सांगा, शिखर -१२ ते -१० डीबीच्या दरम्यान ठेवा. तरी लाल दिवा लागला तर कंडेन्सरवरचं पॅडचं (पातळी खाली आणणारं) बटण दाबा. गेन शून्यावर आणूनही आवाज फाटत असेल तर तो बहुधा माईकमध्येच फाटतोय.

आता खालच्या बी फ्लॅटपासून वरपर्यंत सावकाश सप्तक. हेडफोनवर खालचे स्वर फुगले तर माईक ५ सेंटिमीटर वर घ्या, कीची टकटक आली तर तेवढाच मागे. जागा सापडली की वादकाच्या पायांपुढे जमिनीवर टेप लावा. दीड फुटावर अर्धा फूट झुललं तरी आवाज बदलतो, आणि सॅक्सवाले झुलतातच.

सरळ सोप्रानोची बेल जमिनीकडे असते. तिच्या मागे लागू नका. माईक समोरून, नळीच्या मध्यावर, ५० ते ६० सेंटिमीटरवर. मिरवणुकीतल्या बँडला क्लिप-ऑन (सॅक्सलाच चिमट्याने लावायचा माईक) ठीक, फक्त त्याची मान बेलमध्ये न वळवता कीकडे वळवा.