कीश यांचा ओढा

(दृश्य : ड्रोनमधून दरी. दोन्ही बाजूंना दगडगोट्यांच्या वळणदार राशी.)

हा बोनांझा क्रीक. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातला, डॉसन सिटीजवळचा लहानसा ओढा. १८९६ पर्यंत याला रॅबिट क्रीक म्हणत. बर्फयुगात उत्तर अमेरिकेचा बराचसा भाग हिमनद्यांनी खरवडून काढला, पण त्या इथवर पोचल्याच नाहीत. डोंगरातल्या गारेच्या शिरांमधून सुटलेलं सोनं पाण्याबरोबर खाली येत राहिलं आणि लाखो वर्षं दरीतच साठत गेलं.

(दृश्य : पॅन धुणारे हात, अगदी जवळून.)

हे हात बघा. पॅनमध्ये ओढ्याची रेती घ्यायची आणि पॅन पाण्यात बुडवायचा. चिकणमातीची ढेकळं बोटांनी फोडायची. ती तशीच राहिली तर सोनं पोटात घेऊन वाहून जातात. मोठे गोटे धुऊन बाजूला टाकायचे. मग पॅन हलवायचा, गोल गोल, पाण्याखालीच. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, साधी वाळू जेमतेम अडीचपट. हलवत राहिलं की जड ते तळाशी जातं. आता पॅन किंचित कलता करायचा आणि वरचा थर पाण्याबरोबर सोडून द्यायचा. पुन्हा हलवायचं, पुन्हा सोडायचं. आपल्याकडे सराफ कट्ट्यावरचा केर धुणारे झारेकरी हेच करतात.

शेवटी उरते मूठभर काळी वाळू. ही लोहखनिजाची, तीही जड. तिच्या कडेला पिवळी रेघ दिसली, तर इथे सोनं आहे.

(दृश्य : कीश यांचं जुनं छायाचित्र.)

हे कीश. टॅगिश समाजाचे. चिल्कूट खिंडीतून पाठीवर प्रचंड ओझी वाहणारा माणूस, म्हणून गोरे लोक त्यांना स्कूकम जिम म्हणत, म्हणजे बळकट जिम. १८९६ च्या ऑगस्टमध्ये ते या ओढ्यावर होते. सोबत भाचा डॉसन चार्ली, बहीण शा त्ला आणि तिचा कॅलिफोर्नियाहून आलेला नवरा, जॉर्ज कारमॅक. हेंडरसन नावाच्या खाणवाल्यानं जवळच्या दुसऱ्या ओढ्यावर कीश आणि चार्लींना तंबाखू विकायला नकार दिला होता, असं सांगतात. सोनं सापडल्यावर त्याला निरोप कोणी धाडला नाही.

टॅगिश लोकांच्या सांगण्यानुसार पहिलं सोनं कीश यांना दिसलं. नोंद मात्र कारमॅकच्या नावावर झाली. पहिल्या शोधाचा मान आणि त्यासोबतचा जादा दावा, म्हणजे खणायच्या हक्काचा जमिनीचा जादा तुकडा, त्यानं घेतला. आदिवासी माणसाच्या नावानं तो कोणी मान्य करणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. जंगल, प्राणी, वाटा ज्यांना पाठ होत्या, त्यांची नावं पुढे वर्षानुवर्षं त्याच्या नावामागे लिहिली गेली.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. धूर, रहाट, बर्फातले ढिगारे.)

सोन्याचा मोठा साठा ओढ्याच्या वरच्या रेतीत नव्हता. तो होता खाली, तळखडकावर, आणि मधली जमीन बारमाही गोठलेली. कुदळ लागायची नाही. म्हणून हिवाळ्यात संध्याकाळी लाकडं पेटवायची, सकाळी राख काढायची आणि रात्रीत विरघळलेली फूटभर माती उपसायची. पुन्हा आग. असं करत खडकापर्यंत उतरायचं. उपसलेली माती हाताच्या रहाटानं वर ओढायची आणि तिचे ढीग वसंतापर्यंत गोठलेले ठेवायचे. बर्फ वितळून ओढा वाहू लागला की लांब लाकडी पन्हळीत ती माती ओतून पाणी सोडायचं. पन्हळीच्या तळाला आडव्या पट्ट्या, त्यांच्या आड सोनं अडकायचं.

(दृश्य : ड्रेज क्रमांक ४.)

माणसांच्या मागून यंत्रं आली. १९१२ मध्ये बांधलेलं हे ड्रेज स्वतःच खणलेल्या डबक्यात तरंगत पुढे सरकायचं, बादल्यांच्या साखळीनं दरीचा तळ उपसायचं आणि धुतलेले दगड मागे टाकत जायचं. सुरुवातीला दिसल्या त्या राशी अशाच ड्रेजनी टाकलेल्या आहेत. हे १९५९ पर्यंत चाललं.

(दृश्य : क्लोंडाइक आणि युकॉन नद्यांचा संगम.)

सोन्याची बातमी १८९७ च्या जुलैत जहाजानं सिएटलला पोचली आणि सुमारे लाखभर माणसं निघाली. या संगमावर सामन मासे धरणाऱ्या त्रोंदेक ह्वेचिन लोकांना आपला तळ सोडून खालच्या अंगाला मूसहाइडला जावं लागलं.

(दृश्य : व्हाइटहॉर्स शहर.)

कीश १९१६ मध्ये वारले. आपल्या सोन्याचा पैसा त्यांनी युकॉनच्या आदिवासींसाठी विश्वस्त निधीत ठेवला. व्हाइटहॉर्समधलं आदिवासींचं केंद्र आजही स्कूकम जिम यांच्या नावानं चालतं. कॅनडाच्या खाण उद्योगातल्या मानकऱ्यांच्या यादीत कारमॅक, कीश, चार्ली आणि हेंडरसनसुद्धा १९९९ मध्ये आले. शा त्ला यांचं नाव तिथे यायला २०१९ उजाडलं.