खेळ सगळा ग्राउंडचा

(पडद्यावर : पुणे, बुधवार पेठ, तपकीर गल्ली. दुकानं नुकतीच उघडतायत.)

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काही बारीकसारीक हवं असलं की बुधवार पेठ गाठायची, यात दुसरा विचार नसतो. वीतभर काउंटर, मागे भिंतभर ड्रॉवर, आणि कुठल्या ड्रॉवरमध्ये काय हे फक्त दुकानदारालाच ठाऊक. आमची यादी छोटीच होती, अँप्लिफायरला जोडायच्या आरसीए सॉकेटची जोडी, मीटरभर शिल्डेड वायर, फीमेल टू फीमेल जंपर वायरी, पिनांची एक बर्ग स्ट्रिप, थोडं सोल्डर. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, काय बनवताय? दादा म्हणाला, डॅक, म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर. काका काही बोलले नाहीत, यादीत नसलेला एक १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यांनी पुडीत टाकला आणि म्हणाले, असू दे, लागेल.

(पडद्यावर : जेवणाचं टेबल, त्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं.)

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. अकाउंटंट आहे, सोल्डरिंग आयर्न आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतोय. घरात जुना दणकट स्टिरिओ अँप्लिफायर आहे, एक रास्पबेरी पाय ३, म्हणजे छोटासा एका बोर्डचा कॉम्प्युटर, कधीचा पडून होता, म्हटलं याचाच म्युझिक प्लेयर करू. पण या रास्पबेरी पायवर, पुढे नुसतं पाय म्हणतो, जो हेडफोनचा जॅक असतो ना, त्याच्यामागे खरा डॅक नसतोच, पीडब्ल्यूएम, म्हणजे पल्सची रुंदी कमीजास्त करायची युक्ती, वापरून कसंबसं भागवलेलं असतं, त्यामुळे गाणं शांत झालं की मागची खरखर लगेच उघडी पडते. मग स्वतःचा डॅक जोडायचा ठरलं.

डॅक काय करतो हे सांगायला सोपंय, आकडे घेतो आणि व्होल्टेज देतो. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्सची सीडी बाजारात आली तेव्हापासून हिशोब ठरलेला, सेकंदाला ४४,१०० आकडे, तेही प्रत्येक कानासाठी वेगळे, आणि प्रत्येक आकडा १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. आता आमच्या डॅकच्या बोर्डचं आउटपुट जास्तीत जास्त २.१ व्होल्ट आरएमएस (ही एक प्रकारची सरासरी), म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत साधारण सहा व्होल्ट. सहा व्होल्टला ६५,५३६ ने भागा, एक पायरी येते जेमतेम ९० मायक्रोव्होल्टची. दादाने हा भागाकार कॅल्क्युलेटरवर दोनदा केला. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच येणारे.

चिपचं नाव पीसीएम ५१०२ए, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची. पीसीएम ही नावाची चाल मूळची बर-ब्राउन कंपनीची, ती कंपनी टेक्सासवाल्यांनी २००० साली घेतली, पण जुने ऑडिओवाले अजून बर-ब्राउनच म्हणतात. ही चिप बसवलेलं छोटं जांभळं बोर्ड स्वस्तात मिळतं. आणि हिची एक गंमत आहे, आतल्या आत ती स्वतःचा निगेटिव्ह सप्लाय तयार करते, त्यामुळे आउटपुट शून्याच्या वर-खाली दोन्हीकडे हलतं आणि बाहेर डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर लावावा लागत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यासाठी याहून सोयीचं काय असणार. चिप कुठली घ्यायची यावर लोक रात्र-रात्र भांडतात, मला विचाराल तर पहिल्या डॅकला तो वाद फिजूल आहे, चिप सगळ्याच बऱ्या असतात, आवाज बिघडतो तो चिपच्या बाहेर.

(पडद्यावर : बोर्ड जवळून. दादाचा हात थोडा थरथरतोय.)

वायरी मोजक्याच. पाय आणि डॅक यांच्यात जी भाषा चालते तिला म्हणतात आय-टू-एस, फिलिप्सने १९८६ मध्ये आणलेली. तीन तारा, एकीवर एकेका बिटला ताल देणारा बिट क्लॉक, एकीवर डावा की उजवा ते सांगणारा क्लॉक, तिसरीवर प्रत्यक्ष डेटा. पायच्या चाळीस पिनांमध्ये या ठरलेल्या आहेत, बिट क्लॉक १२ नंबरला, डावा-उजवा ३५ ला, डेटा ४० ला. पाच व्होल्ट २ नंबरला आणि ग्राउंड ६ ला. एक नंबरची पिन एसडी कार्डाच्या बाजूला, बोर्ड उलटं केलं की तिचं पॅड चौकोनी दिसतं, बाकी सगळी गोल, आणि मोजणी उलटी करायची चूक इथेच होते, बोर्ड पालथं असताना मोजलं की सगळं आरशातल्यासारखं होऊन बसतं. पाच व्होल्टची वायर चुकून डेटाच्या पिनवर गेली तर पाय गेलाच समजा, त्या पिनांना ३.३ च्या वर सोसत नाही. म्हणून पॉवर द्यायच्या आधी मल्टीमीटर बीपवर टाकून एकेक वायर दोन्ही टोकांना तपासायची. दादाने कागदावर तक्ता काढला, प्रत्येक ओळीपुढे टिक केली, अकाउंटंटच तो.

वायरी आखूड ठेवायच्या हं. आय-टू-एस एकाच बोर्डवरच्या दोन चिपांनी आपसात बोलायला काढलेलं आहे, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला नाही.

सोल्डरिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ आरसीए सॉकेटने खाल्ला. २५ वॉटचं आयर्न, आणि सॉकेटचा ग्राउंडचा पत्रा चांगला जाडजूड, सगळी उष्णता तोच गिळतो. दादा आधी सोल्डरच आयर्नच्या टोकावर वितळवून वरून थापत होता, ते दिसतं छान गोल मण्यासारखं, पण खालून चिकटलेलंच नसतं, ड्राय सोल्डर. मी म्हटलं, अरे दादा, पत्रा तापव, सोल्डर पत्र्याला लाव, आयर्नला नको. पत्रा पॉलिश पेपरने घासला, वायरीचं आणि पत्र्याचं आधी वेगवेगळं टिनिंग केलं, म्हणजे सोल्डरचा पातळ थर चढवला, मग दोन्ही एकत्र धरून पुन्हा तापवलं, आणि सोल्डर असं सरकन पसरलं, कडेपर्यंत, चकचकीत. तो क्षण कॅमेऱ्यात आलाय, दादाचा चेहरा बघा.

(पडद्यावर : लॅपटॉपची स्क्रीन.)

सॉफ्टवेअरचं फार नाही. कॉन्फिग फाईलमध्ये हायफायबेरी डॅकचा ओव्हरले, म्हणजे पायला कुठला डॅक जोडलाय ते सांगणारी ओळ, लिहायची, रीस्टार्ट मारायचं, आणि साउंड कार्डांच्या यादीत नाव आलं की पायच्या बाजूने काम झालं. नाव आलं. स्पीकर टेस्ट चालू केली. स्क्रीनवर फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट, फ्रंट लेफ्ट, सगळं व्यवस्थित चाललंय, आणि स्पीकरमधून काही म्हणजे काही नाही.

इथेच बऱ्याच जणांचं घोडं अडतं आणि बिचारे चिप मेली म्हणून दुसरं बोर्ड मागवतात. बोर्ड पालथं करा. मागे चार छोटे जंपर असतात, वायरीचे नाही, सोल्डरने जोडायचे, एच१एल ते एच४एल, प्रत्येकाला तीन पॅड, मधलं एकतर एच म्हणजे हायकडे जोडायचं नाहीतर एल म्हणजे लोकडे. कित्येक बोर्डं हे जंपर मोकळे ठेवूनच येतात. त्यातला तिसरा म्हणजे म्यूटचा. तो हाय केला नाही तर चिप इमानदारीत गप्प बसते, तिला सांगितलंच आहे ना गप्प बस म्हणून. मीटर लावला, म्यूटच्या पिनवर ३.३ व्होल्ट हवे होते, तिथे जवळपास शून्य. तिसऱ्या जंपरवर मधल्यातून एच कडे सोल्डरचा टिपूस, उरलेले तिन्ही एल कडे. शिवाय पुढच्या बाजूला एससीकेचं, म्हणजे सिस्टिम क्लॉकचं, पॅड असतं, तेही ग्राउंडला जोडून टाकायचं, म्हणजे चिप बिट क्लॉकवरून आपला सिस्टिम क्लॉक स्वतः बनवते. ते लोंबकळत राहिलं तर आवाज येईल किंवा नुसता कचरा येईल, नशिबाचा भाग.

फ्रंट लेफ्ट! आला. आतून वहिनी म्हणाल्या, कोण आलंय?

पण आवाज आला म्हणजे डॅक झाला असं नाही. मी मुद्दाम तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं, कारण तंबोऱ्याची तार छेडल्यावर जी जवारी उलगडत जाते, अगदी बारीक होत होत, ती झाकायला थोडीशी घरघर पुरते. आणि घरघर होती. कान लावला तर दोन आवाज, एक खालचा जाड हम्म, आणि दुसरी बारीक चिरचिर, माउस हलवला की वाढणारी.

आता ते ९० मायक्रोव्होल्ट आठवा. ग्राउंड म्हणजे समुद्रसपाटी, सगळी उंची तिथून मोजायची. ती सपाटीच एक मिलिव्होल्टने डुलायला लागली तर अकरा पायऱ्या वाहून गेल्या, चिप कितीही भारी असू दे. जाड हम्मचं कारण अँपला तीन पिनी प्लग, म्हणजे अर्थिंग, आणि पायला एचडीएमआयने मॉनिटर जोडलेला, त्यालाही अर्थिंग. ग्राउंडला दोन रस्ते मिळाले, मोठी रिंग तयार झाली, त्या रिंगमध्ये घरातल्या ५० हर्ट्झचा करंट फिरायला लागला, आणि तो नेमका आमच्या आरसीएच्या शिल्डमधून, म्हणजे वायरीभोवतीच्या जाळीतून, जातोय. एचडीएमआय उपसली, हम्म गायब. प्लेयर मोबाइलवरून चालवायचा, मॉनिटर हवाय कशाला. काही लोक यावर उपाय म्हणून अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून टाकायला सांगतात, अजिबात ऐकू नका, ती पिन जीव वाचवायला आहे.

(पडद्यावर : कपॅसिटर बोर्डला लागताना.)

चिरचिर पाच व्होल्टमधून येत होती. पायचा प्रोसेसर काम करतो तसा करंट झटक्याझटक्याने ओढतो, आणि तीच लाइन डॅकलाही जाते. डॅकच्या अगदी पिनांजवळ काकांचा कपॅसिटर लावला, पांढरी पट्टी निगेटिव्हकडे, उलटा लावला तर फुगतो, फुटतोसुद्धा. आणि लांब जंपरच्या जागी ग्राउंडसाठी जाड आखूड वायर टाकली. अँपकडे जाणाऱ्या शिल्डेड वायरीचं ग्राउंड बोर्डवर आउटपुटशेजारच्या ॲनालॉग ग्राउंडलाच, दुसरीकडे कुठे नाही. पूर्ण गेली म्हणणार नाही, कान स्पीकरला चिकटवला तर अजून ऐकू येते. सोफ्यावर बसून नाही.

यापुढचा मुक्काम क्लॉकचा आहे. ४४.१ किलोहर्ट्झच्या (सीडीच्या) घराण्याला २२.५७९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे ताल देणारा स्फटिक, सरळ भागला जातो, ४८ वाल्यांना २४.५७६ चा, आणि पायवर दोन्हीपैकी एकही नाही, तो ओढूनताणून भागाकार जमवतो. महागड्या बोर्डांवर दोन्ही क्रिस्टल असतात आणि मग क्लॉक डॅक देतो, पाय ऐकतो. दादाला तो फरक ऐकू येईल का, मला शंका आहे, पण त्याला सांगून बघा. हेडफोन मात्र यात थेट लावू नका, या आउटपुटला निदान १ किलोओहमचा लोड हवा, ३२ ओहमचे हेडफोन ओढायला ते केलेलंच नाही.

दादाला आता चार्जरच्या जागी ट्रान्सफॉर्मरवाला लिनियर सप्लाय हवाय, त्याने यादीसुद्धा केलीय. त्यात २३० व्होल्टची बाजू येते, म्हणून ते काम ज्याचा हात बसलाय अशा माणसाला शेजारी बसवूनच करायचं, आणि पेटी पत्र्याची, फ्यूज आणि अर्थिंगसकट. तोवर चार्जर आणि काकांचा कपॅसिटर, चाललंय मस्त.