खोडलेला आकडा

नमस्कार, श्रोतेहो.

एक मोठा आकडा, त्यावर आडवी रेघ, आणि शेजारी लाल अक्षरांत 'साठ टक्के सूट'. नजर जाते ती त्या खोडलेल्या आकड्यावर. पण त्या भावानं ती वस्तू कधी कुणी घेतली होती का?

सेल लागायच्या आधी भाव चढवायचा आणि सेलमध्ये तोच 'उतरवायचा', ही युक्ती इतकी बोकाळली की युरोपीय संघाला नियम करावा लागला. 28 मे 2022 पासून तिथं सूट जाहीर करताना आधीची किंमत म्हणून सर्वसाधारणपणे मागच्या किमान 30 दिवसांतला सगळ्यांत कमी भाव दाखवावा लागतो. तुमच्याकडे हा नियम असो वा नसो, ही फूटपट्टी वापरायला कुणाची ना नाही. अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तूंसाठी कॅमलकॅमलकॅमल आणि कीपा अशी साधनं आहेत. वस्तूचा भाव कधी किती होता याचा आलेखच समोर येतो. दर महिना-दीड महिन्यानं भाव तितकाच खाली येताना दिसला, तर 'शेवटचे दोन तास' सांगणारं ते घड्याळ खुशाल टिकटिकू द्या.

पण भाव खरा असूनही माणूस फसतो. मी फसलोय. लॅपटॉप घेतला, नाव तेच, रंग तोच, परीक्षणांत वाखाणलेला. घरी आणल्यावर चालू व्हायलाच इतका वेळ घेई, की मी वैतागून तो पालथा केला. तळाच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल नंबर वाचला, तर शेवटची दोन अक्षरं वेगळी! वाखाणलेल्या लॅपटॉपात एसएसडी होती, म्हणजे माहिती साठवणारी वेगवान चकती नसलेली ड्राइव्ह; माझ्यात तिच्या जागी ईएमएमसी. फोनच्या जातीची, बोर्डाला डाग देऊन बसवलेली साठवण. संथ तर होतीच, पुढं बदलायचीही सोय नाही. विक्रेत्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं. बारीक अक्षरांत सगळं होतं, मीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून मी नाव शोधतच नाही, पूर्ण मॉडेल नंबर शोधतो.

जुन्या मालाचंही असंच. विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नसलेल्या यंत्रावर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. अशा लॅपटॉपवर घसघशीत सूट दिसली, तर ती का आहे ते ओळखा. फोन घेतानाही सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार, ते आधी बघा.

मेमरी कार्ड अविश्वसनीय स्वस्त मिळालं? आतलं फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम, क्षमता फुगवून सांगू शकतं. कार्ड भरत आलं की फोटो गायब. एच2टेस्टडब्ल्यू नावाचं मोफत साधन कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, पण परताव्याची मुदत असेतोवर हे उरकून घ्या.

मग खरी सूट कुठं असते? बहुतेकदा कंटाळवाण्या ठिकाणी. नवं मॉडेल आलं की मागच्या वर्षीचं उतरतं, आणि दोघांत फरक पुष्कळदा कॅमेऱ्यापुरताच असतो. कंपनीनंच दुरुस्त करून, वॉरंटीसह परत विकलेला माल मला तर नव्याहून बरा वाटतो; निदान तो कुणीतरी उघडून तपासलेला असतो. विद्यार्थ्यांसाठीची सवलत कित्येक कंपन्या वर्षभर देतात, फारसा गाजावाजा न करता.

आणि हो, मघाचा तो लॅपटॉप अजून आहे घरी. आजचं हे भाषण त्याच्यावरच टंकलंय, सावकाश.