जुन्या लष्करी ट्रकच्या टायरचे वय

श्रोतेहो, नमस्कार. खडकी, देहूरोड, दापोडी ही नावे ज्या शहराच्या रोजच्या बोलण्यात आहेत, त्या पुण्यात लष्करी ट्रक ही नवलाची वस्तू नाही. सैन्याने सेवेतून काढलेली गाडी लिलावातून घ्यायची, वर्ष-दोन वर्षे खपून ती दुरुस्त करायची आणि मग रविवारी सकाळी सासवड किंवा भोरच्या रस्त्याला काढायची, हा छंद असणारी माणसेही येथे बरीच आहेत. मी त्यांच्यातलाच एक. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांविषयी आम्ही तासन्‌तास बोलतो. टायरचा विषय मात्र "टायर ऐंशी टक्के आहेत" एवढ्या एका वाक्यात संपतो. आज मला त्या ऐंशी टक्क्यांविषयीच बोलायचे आहे.

हा आकडा रबराच्या वरच्या नक्षीची खोली सांगतो. मालवाहतुकीचा ट्रक महिन्याला हजारो किलोमीटर धावतो, त्याचा टायर म्हातारा होण्याआधी झिजून गोटा होतो, म्हणून तेथे नक्षी पाहून निकाल देणे बहुतेक वेळा बरोबर ठरते. लष्करी गाडीचे आयुष्य निराळे असते. ती वर्षानुवर्षे शेडमध्ये किंवा उघड्या मैदानात उभी राहते आणि कामापुरतीच बाहेर निघते. पुढे नागरिकाच्या हाती आल्यावर तर वर्षाला चार-पाचशे किलोमीटर झाले तरी पुष्कळ. अशा गाडीच्या टायरची नक्षी शाबूत राहते आणि आतले रबर मात्र वयाने संपते. जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने तयार होणाऱ्या शक्तिमानचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, म्हणजे त्यांतला सर्वांत धाकटा ट्रकही आज पंचविशी ओलांडून गेला आहे. त्याच्या चाकांवर नेमके केव्हाचे रबर आहे, हे ट्रकच्या कागदपत्रांत लिहिलेले नसते. ते टायरवरच वाचावे लागते.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बहुधा एका लहानशा लंबगोल खाचेत, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१७ असे असेल, तर तो टायर २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये बनला. केवळ तीनच आकडे दिसले, तर टायर २००० सालापूर्वीचा आहे. तेव्हा वर्षाचा शेवटचा एकच आकडा देत असत, त्यामुळे ३२४ हा १९९४ चाही असू शकतो आणि १९८४ चाही. नव्वदच्या दशकाची खूण म्हणून काही उत्पादक त्यापुढे छोटा त्रिकोण काढत, पण या वादात फारसे पडू नये, कारण तीन आकडे दिसणे हेच टायर उतरवायला पुरेसे कारण आहे.

हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात आणि नेमकी तीच बाजू आत गेलेली असते. मग गाडी पक्क्या जमिनीवर उभी करून, गाडी सरकू नये म्हणून चाकांना दोन्हीकडून उटी (अडसराचे ठोकळे) लावून, टॉर्च आणि ओले फडके घेऊन खाली शिरावे लागते. चिखल पुसला की खडूचा तुकडा आडवा धरून भिंतीवर घासावा. उठावाच्या अक्षरांवर खडू बसतो आणि आकडा काळ्यावर पांढरा उमटतो. मागे जोडीची चाके असतील, तर आतल्या चाकासाठी हातात धरायचा लहान आरसा लागतो. रिट्रेड केलेल्या टायरची वरची नक्षी नवी असली तरी सांगाडा जुनाच असतो, म्हणून तेथेही मूळचे चार आकडेच धरायचे.

रबर नुसते उभे राहून का खराब होते, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. त्यापासून बचाव व्हावा म्हणून टायर बनवतानाच रबरात मेण आणि इतर रसायने घातलेली असतात. टायर फिरताना दबतो आणि सुटतो, तशी ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन थर धरतात. उभ्या गाडीत ही हालचाल होत नाही. दुसरीकडे, टायरमध्ये दाबाने भरलेल्या हवेतला प्राणवायू आतून बाहेर झिरपत राहतो आणि थरांना जोडून ठेवणारे रबर कडक करतो. उष्णतेने ही क्रिया वेगावते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बाहेरून तुकतुकीत दिसणाऱ्या टायरचे थर आतून सुटलेले असतात ते यामुळे.

हे मी अनुभवाने शिकलो आहे. माझ्या वन-टनचे, म्हणजे एक टन ओझ्याच्या लहान लष्करी गाडीचे, टायर विकणाऱ्याच्या शब्दांत ऐंशी टक्के होते आणि त्यांवर काळे पॉलिश चमकत होते. दिवे घाट उतरून फुरसुंगीच्या बाजूला आलो, तेव्हा मागून पत्रा बडवल्यासारखा आवाज येऊ लागला. थांबून पाहिले तर डाव्या टायरचा नक्षीचा पट्टा हातभर सुटून मडगार्डवर आपटत होता. त्याच ठिकाणी खाली बसून मी पहिल्यांदा आकडे वाचले: ४७०३. टायर नोव्हेंबर २००३ चा होता. वेग चाळीसच्या आत होता, म्हणून निभावले.

तेव्हापासून पॉलिश केलेला टायर मी आधी साबणाच्या पाण्याने धुतो आणि मगच पाहतो. जमिनीला टेकलेल्या भागाच्या वर भिंत फुगलेली असते, तेथे चिरा उघडतात, म्हणून नजर तेथे लावावी. मग गाडी अर्धे चाक पुढे ढकलून पुन्हा पाहावे. वरवरच्या केसासारख्या रेषा आणि रबराच्या आतल्या दोऱ्यापर्यंत गेलेली चीर यांत फरक आहे. दोरा दिसला, फुगा आला किंवा नक्षीच्या खाचांच्या तळाशी सलग भेग धरली, की तो टायर बाद. कायद्याने ट्रकच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण आपल्या गाड्यांत त्या मर्यादेपर्यंत पोहोचण्याची वेळ क्वचितच येते. वयाबाबत अनेक उत्पादक सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी बदल सुचवतात. ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावण्यास बंदी आहे. आपणही पुढच्या चाकांपासून सुरुवात करावी, कारण पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही.

एक गोष्ट घरी करू नये, ती म्हणजे टायर रिमवरून काढणे आणि बसवून हवा भरणे. या ट्रकच्या रिमला बहुधा सुटी लॉक-रिंग, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी, असते. हवा भरताना ती निसटली, तर समोरच्या माणसाचा जीव जातो. टायरमधली हवा ठरलेल्या दाबाच्या ऐंशी टक्के किंवा त्याहून खाली गेलेली असेल, तर चाक गाडीवर ठेवून तशीच हवा मारू नये. उरलेली हवा पूर्ण सोडून, चाक उतरवून, रिंग, ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांच्यामधला रबरी पट्टा) वेगळे करून पाहावेत. गंजलेली किंवा वाकलेली रिंग पुन्हा बसवू नये आणि एका रिमची रिंग दुसऱ्या रिमला लावू नये. हवा भरताना चाक ज्यात ठेवतात तो लोखंडी पिंजरा नसलेल्या दुकानात मी हे काम करून घेत नाही, मग कारागीर कितीही जुना ओळखीचा असो.

नवे टायर घेताना एकाच आसावर रेडियल आणि नायलॉन या दोन वेगळ्या बांधणीचे टायर मिसळू नयेत. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत टायरचा घेर कमी-जास्त असेल, तर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांना जोर वाटून देणाऱ्या पेटीवर, ताण येतो, म्हणून संच एकाच मापाचा घ्यावा. आणि दुकानदाराला पैसे देण्याआधी त्या नव्या टायरवरचे चार आकडेही वाचावेत, कारण गोदामात पडून राहिलेला माल दुकानात नवा म्हणूनच येतो. शेवटी स्टेपनी पाहावी. ती कोणी उतरवत नाही, त्यामुळे अनेकदा गाडीतले सर्वांत जुने रबर तीच असते. माझ्या स्टेपनीवर तीन आकडे निघाले.