मिरचीचा ठसका आणि न सांगितलेलं दुखणं

(दृश्य: कोल्हापुरातलं एक मिरची कांडप. पोत्यातून घरंगळणाऱ्या लाल मिरच्या, मागे डंकाचा, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्राचा, धाडधाड आवाज.)

निवेदन:
मार्च लागला की कोल्हापुरात वर्षाच्या चटणीची गडबड सुरू होते. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, वर कांदा-लसूण आणि मसाला. डंकासमोर डबे घेऊन गिऱ्हाइकं उभी असतात, नाकाला पदर लावून. आत राबणाऱ्या बायकांना ती सोय नाही. दोन्ही हात मिरचीत. देठ खुडायचे, कुटलेलं चाळायचं, राहिलेलं पुन्हा डंकात टाकायचं. आणि दिवसभर शिंका.

(दृश्य, जवळून: चाळणी धरलेले हात. शिंक येते. बाई पाय जुळवून क्षणभर थिजते आणि परत चाळायला लागते.)

निवेदन:
ती थांबली, कारण शिंकेबरोबर लघवी सुटते. कधी दोन थेंब, कधी परकर भिजेपर्यंत. म्हणून कामावर येताना गडद साडी.

(आवाज, चेहरा न दाखवता)
"धाकट्याच्या वेळेपास्नं हाय हे. आधी शिंकलं की व्हायचं, आता हसलं तरी हुतंय. घरात सांगितलं तर म्हणत्यात, वय झालं तुझं."

निवेदन:
वयाचा वाटा आहे, पण म्हणून ते सोसलंच पाहिजे असं नाही. लघवीची पिशवी आणि गर्भाशय यांना खालून स्नायूंनी झोळीसारखं तोलून धरलेलं असतं. बाळंतपणात ते स्नायू ताणले जातात. पाळी गेल्यावर, वजन वाढल्यावर, जुना खोकला किंवा बद्धकोष्ठ असेल तर, रोज जड ओझी उचलून, ते आणखी सैल पडतात. शिंकताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि लघवीची वाट आवळलेली राहत नाही. बायकांमध्ये ही वाट असते जेमतेम 4 सेंटीमीटर.

काहींचं दुखणं वेगळं असतं. एकदम घाई होते आणि दारापर्यंत पोचायच्या आत लघवी होऊन जाते. तिथे पिशवीच अवेळी आकसते. कित्येकींना दोन्ही त्रास एकदम असतात.

(दृश्य: कोपऱ्यात पाण्याचा माठ. त्यावर उपडा ठेवलेला कोरडा तांब्या.)

निवेदन:
यावर बायकांनी आपापला तोडगा काढलाय: पाणीच प्यायचं नाही. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली, मिरचीच्या धुरळ्यात. दुखणं वाढवायचा याहून सोपा मार्ग नाही. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, पिशवी चुरचुरते, घाई उलट वाढते. बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं, स्नायूंवर पुन्हा ताण. वर उन्हाळी लागते, म्हणजे लघवीला आग होते, ती वेगळीच.

पण त्यांना दोष कसा द्यायचा? गाळ्यात संडास नाही. शेजारणीच्या घरी दिवसातून किती वेळा जाणार? शिवाय हात मिरचीचे. साबणानं दोनदा धुतले तरी आग उतरत नाही. त्या हातांनी लघवीला जाणं म्हणजे काय, हे कांडपातल्या बाईलाच विचारावं. त्यापेक्षा तुंबवून ठेवलेलं बरं वाटतं.

1948 च्या कारखाने कायद्यानं बायकांसाठी वेगळं, बंदिस्त स्वच्छतागृह बंधनकारक केलं. मात्र त्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी किमान 10 कामगार असले तरच ती जागा कारखाना ठरायची. तीन-चार बायकांचं कांडप त्यात कधी बसलंच नाही.

(दृश्य: दुपारची सुट्टी. बायका भिंतीला टेकून बसल्यात.)

निवेदन:
त्याच 1948 साली अमेरिकेतल्या आर्नल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञानं एक व्यायाम मांडला. आजही उपचाराची सुरुवात त्यानंच होते, आणि तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या जमतो. लघवी मध्येच अडवताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे. श्वास कोंडायचा नाही, मांड्या-पोट ताठ करायचं नाही. जमेल तेवढे सेकंद धरायचं, तेवढंच सैल सोडायचं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मात्र लघवी करताना ती अडवून सराव करायचा नाही. कामातली युक्तीही हीच: शिंक येतेय असं वाटलं किंवा पोतं उचलायचं असलं, की आधी आवळायचं, मग पुढचं.

आवळतंय की नाही, हे पुष्कळ जणींना पहिल्यांदा कळतच नाही. अशा वेळी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावं. घाईच्या त्रासाला दोनदा लघवीला जाण्यामधला वेळ हळूहळू वाढवत नेण्याची सवय आणि गोळ्या असतात, चहा कमी केल्यानंही फरक पडतो. व्यायामानं भागलं नाही तर शस्त्रक्रिया आहे.

(दृश्य: सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाचं आवार. केस पेपरची रांग.)

निवेदन:
सीपीआरला स्त्रीरोग विभागात हे दाखवता येतं. "शिंकताना लघवी सुटते" एवढं सांगितलं तरी पुढचं डॉक्टर विचारतात: बाळंतपणं किती, अंग (गर्भाशय) बाहेर येतं का, साखर आहे का. लघवी तपासतात. लघवीतून रक्त जात असेल, किंवा पायातली ताकद जाऊन अचानक लघवी सुटू लागली असेल, तर सीझन संपायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.