जुनं घर आणि त्याचा मालक

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्ट १९८० मधली गोष्ट. लंडनच्या पश्चिमेला, हमरस्त्याच्या कडेला फायरस्टोन टायर कंपनीचा १९२८ साली बांधलेला कारखाना होता. पांढराशुभ्र दर्शनी भाग, रांगेनं उभे खांब, त्यांवर रंगीत नक्षी. संरक्षित इमारतींच्या यादीत त्याचं नाव लागणार हे जवळपास ठरलं होतं. मध्ये जोडून सुट्टी आली. सुट्टीत आदेश निघायचा राहिला आणि त्याच सुट्टीत नव्या मालकांनी तो दर्शनी भाग पाडून टाकला.

त्याची छायाचित्रं पाहिली की आजही जिवाला लागतं. पण मला राहून राहून वाटतं, मालकाला एवढी घाई का झाली असेल? आपली इमारत जपण्याच्या लायकीची ठरली, याचा आनंद व्हायला हवा. प्रत्यक्षात बहुतेकांना धडकी भरते. आता खिळा ठोकायचा तरी परवानगी, असं त्यांच्या मनात येतं.

जतनाचा कायदा नकोच, असं माझं मुळीच म्हणणं नाही. १९१० साली उघडलेलं न्यूयॉर्कचं भव्य पेन स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं, तेव्हा ते थांबवणारा कायदाच शहराकडे नव्हता. दोन वर्षांत, १९६५ साली, तो आला. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या डोक्यावर पन्नासहून जास्त मजल्यांचा मनोरा चढवायचा बेत मालक रेल्वे कंपनीनं आखला. शहरानं नकार दिला, भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी शहर जिंकलं. न्यायालय म्हणालं, स्थानक स्थानक म्हणून चालतंच आहे, मालकाची मिळकत हिरावलेली नाही. शिवाय न वापरलेले बांधकामाचे हक्क जवळच्या इतर जागांवर नेण्याची वाट शहरानं ठेवलेली होती. आपण ज्याला टीडीआर म्हणतो, तेच. या निकालातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नाही म्हणताना शहरानं मालकाच्या हातात काहीतरी ठेवलं होतं.

पण रेल्वे कंपनी वेगळी आणि वडिलोपार्जित घरात राहणारा पेन्शनर वेगळा.

त्याच्या घराची भिंत डोळ्यांसमोर आणा. मऊ भाजणीच्या विटा, मध्ये चुन्याच्या दरजा. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो, भिंत श्वास घेते म्हणा ना. शंभर वर्षांनी दरजा झिजतात. गवंडी येतो, सिमेंट भरून देतो. दिसायला काम पक्कं. पण सिमेंट विटेपेक्षा कडक, ओल त्यातून सुटत नाही. मग ती विटेतून वाट काढते, क्षार बाहेर फुटतात, विटांचे पापुद्रे गळू लागतात. काही वर्षांनी बोट लावलं तरी भुगा पडतो आणि सिमेंटची जाळी तेवढी शिल्लक राहते. त्यामुळे चुनाच वापरा, हा नियम अगदी रास्त आहे. मात्र चुना जाणणारा गवंडी शोधावा लागतो, कामाला वेळ लागतो, मजुरी जास्त पडते. ती कोणी द्यायची?

इथे कायदे करणारे हात आखडते घेतात. ब्रिटनमध्ये नवं घर बांधणाऱ्याला मूल्यवर्धित कर शून्य, जुन्या घराच्या दुरुस्तीवर सर्वसाधारणपणे २० टक्के. संरक्षित इमारतींतल्या मंजूर फेरबदलांना असलेली सूटही २०१२ मध्ये काढली. अमेरिकेत ऐतिहासिक इमारतीच्या पुनर्वसनाच्या खर्चावर २० टक्के केंद्रीय करसवलत आहे, पण उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच. मालक स्वतः राहत असेल तर ती नाही. म्हणजे शोभा सगळ्या रस्त्याची आणि बिल एकट्याचं. हा अन्याय आहे आणि याच अन्यायापोटी लोक छप्पर गळू देतात, तुळया कुजू देतात. एक दिवस इमारत धोकादायक ठरते आणि सगळेच सुटतात.

दर्शनी भागावर रस्त्याचा हक्क आहे, हे मी मानतो. चौकटी, कमानी, छपराचा उतार यांना मालकानं मनाला येईल तसा हात लावू नये. पण आत? म्हाताऱ्या आईसाठी खालच्या मजल्यावर न्हाणीघर काढायचं, जुनी वायरिंग बदलायची, यासाठी समितीपुढे वर्षभर उभं राहायला लावणं मला पटत नाही. अपवाद आहेतच, आतली रंगवलेली छतं किंवा कोरीव जिना असेल तर तोही जपला पाहिजे. पण सरसकट नाही. इमारत वापरात राहिली तर तिचं जतन सोपं होतं, हे जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही लिहिलेलं आहे. राहायला अडचणीचं झालेलं घर माणसं सोडून जातात, आणि बंद घरात पहिली कौलं सरकली तरी कुणाला कळत नाही.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. यादीत नाव घालताना काय बदलता येईल, तेही त्याच कागदावर लिहून द्या. चुन्याच्या कामाला आणि सिमेंटच्या कामाला लागणाऱ्या खर्चातला फरक सार्वजनिक पैशातून भरा. आणि छपरासाठी पावसाळ्याआधी अर्ज केलेल्या माणसाला उत्तर पावसाळ्याआधी मिळू द्या.