कापरेकरांच्या आकड्यांतला बागेश्री

नमस्कार, श्रोतेहो. आज पेटी घेऊन बसलोय खरा, पण सुरुवात वजाबाकीने करतो.

आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. 1949 साली त्यांनी एक गंमत गणितज्ञांपुढे मांडली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येतं, आणि मग तेच येत राहतं.

परवा पंचवटीत घरी बसल्या बसल्या मी मास्तरांचं जन्मसाल घेतलं, 1905. वीजबिलाच्या पाठीवर मांडलं: 9351, 8172, 7443, 3996, 6264, 4176, 6174. बरोबर सात पायऱ्या! मग 1 म्हणजे सा, 2 म्हणजे रे, असं 7 ला नी. 8 आणि 9 ला तार सप्तकातले सा, रे. शून्याला गप्प बसायचं. जन्मसाल धरून आठ संख्या, प्रत्येकीत चार अंक, म्हणजे 32 मात्रा. सोळा मात्रांच्या तीनतालाची दोन आवर्तनं, न कापता, न जोडता.

ऐका.

(पेटी: सा, तार रे, विश्रांती, प, तार रे, ग, प, सा…)

तबल्यावर साथ करणारा माझा मित्र म्हणाला, "हे काय, पेटी दुरुस्त करतोयस का?" त्याचं चुकलं नव्हतं. नुसते आकडे वाजवले की अशाच उड्या पडतात. पण शेवटच्या 6174 पाशी बोट अडलं. ध सा नी म. वजाबाकीत अंकांची जागा बदलली तरी उत्तर तेच, मग सुरांची का बदलू नये? 6714 केलं. धैवत, निषाद मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, निषाद कोमल.

(पेटी: ध नी सा म)

ओळखलंत ना? बागेश्री! मध्यम तर या रागाचा वादी, म्हणजे मुख्य सूर. 6174 मध्ये पाच नाही, आणि बागेश्रीतही पंचम जपूनच लावतात. निव्वळ योगायोग, पण मला तेवढा पुरला. या चार सुरांची तिहाई बांधली, म्हणजे तेच तीनदा वाजवायचं. तीन चोक बारा, म्हणून सहाव्या मात्रेला उचलली की शेवटचा मध्यम नेमका समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. मित्राने तेव्हा कुठे मान हलवली.

हा नाद जुनाच आहे म्हणा. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात स्वर एकेकदाच घेतले तर 5040 मांडण्या होतात. त्यांतली अमुक क्रमांकाची कोणती, हे सगळ्या लिहून न काढता शोधायची रीत त्याने दिली आहे. देवगिरीच्या आधी यादवांचं ठाणं आपल्या सिन्नरला होतं, हे आम्हा नाशिककरांना सांगितल्यावाचून राहवत नाही!

बाकीच्या 28 मात्रांचं काय केलं? 7443 ठेवलं, कोमल गंधाराने ते छान बसतं: नी म म ग. 4176 ही ठेवलं. 9351 मात्र काढून टाकलं. मास्तर रागावले असते कदाचित, पण बागेश्रीत तो पंचम तसा आपटलेला मला सोसवेना.

आता उरलेली बंदिश ऐका, विलंबित नव्हे, मध्य लयीत.

(पेटी आणि तबला)